बुद्धिजीवी कोणाला म्हणावे?

दिनांक १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत परमपूज्य बाबासाहेबांनी आपली खंत बोलून दाखविली. शिकलेली माणसे समाजाच्या कामी येतील अशी त्यांची आशा होती. परंतु ती आपल्याच पोटापाण्यात गुंतली, याचे त्यांना दुःख झाले. तेव्हा आमचा जन्मही झाला नव्हता. तरी ती खंत आम्हालाच लागू पडते, हे आज कबूल करतो.

आम्ही अकोटचे. बी.कॉम. होऊन कारकून झालो. एका संध्याकाळी वस्तीतील एक मजूर बाई मुलाच्या शिष्यवृत्तीचे कागद घेऊन घरी आल्या. "भाऊ, एवढा फारम पाहून देता काय?" आम्ही जयंतीच्या भाषणाची टिपणे काढत होतो. "ताई, सोमवारी या," म्हणालो. मुदत शनिवारीच संपली. त्या वर्षीची फी बाईंनी कापूस वेचून भरली. आणि आमच्या भाषणाचा विषय होता, शिक्षणाचे महत्त्व!

बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कौन्सिलात असताना १९४४ साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. त्यांनी दार उघडले. उंबरठ्यावर आम्हीच आडवे बसलो.

मग बुद्धिजीवी कोण? नुसता पदवीधर? १९३६ साली लाहोरच्या मंडळाने बाबासाहेबांचे जातिनिर्मूलनावरील भाषण रद्द केले, तेव्हा त्यांनी ते स्वखर्चाने छापले. बुद्धी हे साधन आहे, ती सत्कार्याला लागते तशी फसवणुकीलाही लागते, असा इशारा त्यांनी त्यातच दिला आहे. आपल्या वऱ्हाडचे गाडगेबाबा शाळेत गेले नव्हते. पण हाती खराटा घेऊन त्यांनी गावे झाडली, धर्मशाळा बांधल्या आणि पंढरपूरची वास्तू बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. पदवी नसलेला माणूस एवढे करतो, मग पदवीवाल्यांनी काय करावे?

आता अर्ज संगणकावर भरतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते, एक चूक झाली की अर्ज परत. हे वाचून सांगणारा माणूस वस्तीला हवा आहे. शिक्षक, कारकून, वकील बंधू-भगिनींनो, कॉलनीत घर बांधा, त्यात गैर नाही. पण आठवड्यातून दोन तास विहारात येऊन बसा. आम्ही रविवारी बसू लागलो आहोत. त्या बाईंचा धाकटा मुलगा पहिल्याच रविवारी आला. त्याचा अर्ज मुदतीत गेला.

एवढ्याने आमचे देणे फिटत नाही. पण "सोमवारी या" हे शब्द आम्ही सोडले आहेत. आपणही सोडावेत.