पातळ चाकांबद्दलचे जाड गैरसमज

"हे पातय चाकं आपल्या रोडवर टिकतीन काय?"

वाशीम, रिसोड, मालेगाव, कुठेही रोड सायकल उभी केली की पहिला प्रश्न हाच येतो. त्यात थोडं तथ्य आहे. जुन्या रोड सायकलींना २३ मिलिमीटरचे टायर असत आणि डांबरातली खडी न् खडी मनगटात जाणवे. आताच्या बऱ्याच सायकलींना २८ किंवा ३२ मिमीचे टायर बसतात. म्हणून दुकानात गेल्यावर गिअरची चौकशी मागाहून करा. आधी विचारा, या चिमट्यात जास्तीत जास्त किती रुंद टायर बसतो? आपल्याकडे हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा महत्त्वाचा आहे. पावसाळ्यात वावरातून निघालेले ट्रॅक्टर काळी माती डांबरावर आणून टाकतात. टायर आणि ब्रेक यांच्यात फट नसेल तर ती माती तिथे गच्च बसते, चाक अडतं आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. ३२ मिमीची जागा असलेली साधी सायकल इथे २५ मिमीवर अडलेल्या महागड्या सायकलीपेक्षा कामाची. बाभळीचा काटा मात्र रुंदी बघत नाही. त्यासाठी आतून संरक्षक पट्टी असलेले टायर घ्यावेत आणि जवळ जादा ट्यूब ठेवावी.

गुळगुळीत रस्ता हवा म्हणून कुणाच्या डोळ्यापुढे समृद्धी महामार्ग असेल तर तो विचार सोडा. तो कारंजा आणि शेलूबाजार भागातून जातो खरा, पण तिथे मोटारसायकललाही बंदी आहे; सायकलचं नावच नको.

टायरबद्दलच्या समजांचं आणखी एक पिल्लू आहे: टायर जितका टणक, तितकी सायकल जोरात पळते. खरबरीत डांबरावर उलटं घडतं. फार टणक टायर उड्या मारतो आणि आपली ताकद त्या उड्यांत जाते. ७० किलोच्या माणसाने २८ मिमीच्या टायरमध्ये ७० पीएसआयच्या आसपास हवा भरावी. शंभरीच्या पुढे जाऊ नये.

गिअरच्या आकड्याचा मोह तर सगळ्यांनाच. "२१ गिअर" म्हणजे पुढे ३ आणि मागे ७ चकत्या. त्यातल्या कितीतरी जोड्यांमधून जवळपास सारखाच गिअर मिळतो. मागे ८ चकत्यांची नीट बनवलेली सायकल याहून चांगली चालते. चढासाठी सगळ्यात हलका गिअर कोणता, ते पाहा: पुढे ३४ दात आणि मागे ३२ असतील तर पातूरहून मेडशीकडचा घाट बसल्या बसल्या चढता येतो. आणखी एक गोष्ट विक्रेता स्वतःहून सांगत नाही, ती म्हणजे मागे फ्रीव्हील आहे की कॅसेट. फ्रीव्हीलमध्ये उजवीकडचं बेअरिंग हबमध्ये आत राहतं, बाहेरचा अॅक्सल आधाराविना राहतो आणि खड्ड्यांत वाकतो. कॅसेटच्या हबमध्ये ते बेअरिंग टोकाजवळ असतं. शिमानो कंपनीच्या गिअरसंचांच्या उतरंडीत टूर्नी तळाला, त्यावर क्लॅरिस (मागे ८), सोरा (९), टियाग्रा (१०) आणि मग १०५. आता या मधल्या तिघांची जागा शिमानोचाच क्यूज हा संच घेत आहे. टूर्नीवरून क्लॅरिसवर गेल्याचा फरक हाताला कळतो. सोऱ्यावरून टियाग्रावर जाताना हौशी माणूस एका जादा चकतीचे पैसे मोजतो, एवढंच माझं मत.

कार्बनची फ्रेम घेतली की घाट सपाट होतो, असंही काहींना वाटतं. हिशेब करू. अकोला समुद्रसपाटीपासून साधारण २८० मीटरवर, वाशीम ५५० च्या आसपास. सायकल २ किलोने हलकी झाली तर एवढ्या चढावर सुमारे ५,३०० ज्यूल ऊर्जा वाचते. १५० वॅट ताकदीने पायडल मारणाऱ्याची त्यात जेमतेम अर्ध्या मिनिटाची बचत. त्यासाठी जादा लाखभर रुपये ज्याला परवडतात त्याने जरूर द्यावेत.

मग कमी पैसेवाल्याने काय करावं? १५ हजारांच्या आत वाकड्या हँडलची जी सायकल मिळते ती बहुधा दिसायलाच रोड सायकल असते. तेवढ्या पैशात बिनगिअरची, बिनशॉकअपची सरळ सायकल घ्यावी. स्वस्त शॉकअप वजन वाढवतो आणि पायडलची ताकद खातो. लांबच्या स्वारीला रोड सायकलच लागते असंही नाही. बीआरएम म्हणजे ठरावीक मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची स्वारी; २०० किलोमीटरच्या बीआरएमची मुदत साडेतेरा तास, म्हणजे थांबे धरून ताशी पंधराचा वेग, आणि नियमानुसार माणसाच्या ताकदीवर चालणारं कोणतंही वाहन तिथे चालतं. २५ ते ४० हजारांत सरळ हँडलची, पातळ चाकांची हायब्रिड किंवा कंपनीची सुरुवातीची रोड सायकल पाहावी. त्यापुढे ७०-८० हजारांपर्यंत क्लॅरिस-सोऱ्याची अॅल्युमिनियम फ्रेम, आणि माझ्या लेखी खरी किंमत वसूल होते ती इथेच. भाव विचारताना एक लक्षात असू द्या: २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला आहे.

जुनी सायकल म्हणजे फसवणूक, हाही समजच. नागपूर-पुण्यात हौसेने घेऊन धूळ खात पडलेल्या सायकली निम्म्या भावात निघतात. बघायला जाताना शाळेची फूटपट्टी न्या. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं, त्यामुळे शून्य एका पिनेवर धरलं की १२ इंचावर बरोबर पिन यायला हवी. ती एक सोळांश इंच पुढे सरकली असेल तर चेन बदलायला आली. एक अष्टमांश सरकली असेल तर मागच्या चकत्याही झिजल्या समजा आणि तेवढे पैसे कमी करून मागा. सायकलचं माप मात्र तुमच्याच अंगाचं हवं. सीट वर-खाली होते, फ्रेमची लांबी कमी-जास्त होत नाही.

ऑनलाइन मागवली की काम संपलं, हा शेवटचा गैरसमज. खोक्यातली सायकल अर्धवट जोडलेली असते आणि घरी जोडताना चिमटा उलटा बसवणारे कमी नाहीत. आरे पहिल्या काही स्वाऱ्यांत सैल पडतात, तेव्हा रिमचा आउट काढून घ्यावा लागतो. ते काम आपल्या गल्लीतला मिस्त्री उत्तम करतो. त्याची अडचण वेगळीच होते: रोड सायकलच्या ट्यूबचा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह त्याच्या पंपाला लागत नाही. त्यासाठी पितळेचा छोटा अॅडॉप्टर मिळतो, अगदी थोडक्या पैशात. घेताना दोन घ्या, एक हरवतोच.