साठ फुटांचा चौकोन : मुलांच्या बेसबॉलच्या नियमांचा मागोवा

मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंतचे अंतर 90 फूट असते आणि पिचर होम प्लेटपासून 60 फूट 6 इंचांवरून चेंडू टाकतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना ही मापे झेपत नाहीत. तिसऱ्या बेसवरून केलेली फेक पहिल्या बेसपर्यंत वेळेत पोहोचत नाही, त्यामुळे साध्या फटक्यावरही फलंदाज बाद होत नाही. पिचरला प्लेटपर्यंत चेंडू नेमका टाकता येत नाही आणि सामना लांबत जातो. मुलांसाठी हा खेळ नव्याने बेतावा लागतो. अमेरिकेत हे काम 1939 पासून प्रामुख्याने लिटल लीग या संस्थेने केले. तिच्या नियमपुस्तकात आठ दशकांत झालेल्या बदलांमागे तीन प्रश्न दिसतात. मैदान केवढे असावे, त्यावर कोणाला खेळू द्यावे आणि खेळताना मुलाचे शरीर सुरक्षित कसे राहावे, हे ते प्रश्न.

मापांची निश्चिती

पेनसिल्व्हेनिया राज्यातील विल्यम्सपोर्ट या गावी कार्ल स्टोट्झ यांनी 1938 मध्ये आपल्या दोन भाच्यांना आणि शेजारच्या मुलांना हाताशी धरून मैदानाची मापे ठरवायला सुरुवात केली. मुलांना पळायला आणि चेंडू फेकायला लावायचे आणि बेस पुढे-मागे सरकवत जायचे, अशी त्यांची पद्धत होती. जमिनीवरून गेलेला फटका क्षेत्ररक्षकाने नीट अडवला, तर त्याची फेक धावणाऱ्याच्या किंचित आधी पहिल्या बेसवर पोहोचावी, ही कसोटी होती. त्यातून बेसमधले अंतर 60 फूट ठरले. बाजू एकतृतीयांशाने कमी झाल्यामुळे चार बेसच्या चौकोनाचे क्षेत्रफळ मोठ्यांच्या चौकोनाच्या निम्म्याहूनही कमी झाले. सामना नऊऐवजी सहा इनिंगचा करण्यात आला.

6 जून 1939 रोजी पहिला सामना झाला. लंडी लंबरने लायकोमिंग डेअरीचा 23-8 असा पराभव केला. जम्बो प्रेट्झेल हा तिसरा संघ होता. तिन्ही नावे गावातल्या व्यवसायांची होती. पुरस्कर्ते मिळवण्यासाठी स्टोट्झ यांना अनेकांची दारे ठोठावावी लागली होती.

बेसमधले 60 फूट तेव्हापासून तसेच आहेत. पिचिंगचे अंतर सुरुवातीला कमी होते. पुढे ते 46 फूट झाले आणि आजही तेवढेच आहे. क्रिकेटची खेळपट्टी 22 यार्ड, म्हणजे 66 फूट असते हे लक्षात घेतले, तर 46 फुटांवरून येणारा चेंडू फलंदाजाला किती कमी वेळ देतो हे समजते. बारा वर्षांच्या पिचरने ताशी 70 मैल वेगाने टाकलेला चेंडू मोठ्यांच्या मैदानावरील ताशी 92 मैलांच्या चेंडूइतक्याच वेळात प्लेटपाशी येतो.

लहान चौकोनामुळे आणखी एक नियम करावा लागला. मोठ्यांच्या खेळात धावणारा चेंडू पडण्याआधीच बेस सोडून पुढे सरकतो आणि संधी मिळताच पुढचा बेस चोरतो. साठ फुटांच्या चौकोनात ही मुभा दिली, तर कॅचरला कोणालाच बाद करता येणार नाही. म्हणून बारा वर्षांपर्यंतच्या विभागांत चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचल्यावरच बेस सोडता येतो. बेस चोरण्यावर बंदी नाही, मात्र धाव सुरू करण्याचा क्षण नियमाने ठरवून दिला आहे.

संघबांधणी आणि प्रत्येकाचा वाटा

मुलांच्या लीगमध्ये चांगले खेळाडू एकाच संघात गेले की स्पर्धा संपते. म्हणून लिटल लीगमध्ये निवड चाचणी घेऊन प्रशिक्षक पाळीपाळीने खेळाडू निवडतात. मूल कोणत्या लीगमध्ये खेळणार हे त्याच्या घराच्या, आणि पुढील काळात शाळेच्याही, पत्त्यावरून ठरते. दूरचे खेळाडू गोळा करून संघ बळकट करण्यावर या हद्दीने बंधन येते.

सक्तीच्या सहभागाचा नियम सर्वसाधारण मुलाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. नियमित हंगामात प्रत्येक खेळाडूला सामन्यात किमान एकदा फलंदाजी आणि प्रतिपक्षाचे सलग सहा खेळाडू बाद होईपर्यंत क्षेत्ररक्षण मिळालेच पाहिजे. एखाद्याचा हा वाटा राहिला, तर पुढच्या सामन्यात त्याला सुरुवातीपासून मैदानात उतरवून आधीची थकबाकी भरून द्यावी लागते. मैदानाबाहेर गेलेल्या मूळ खेळाडूलाही, बदली खेळाडूने आपला वाटा पुरा केल्यावर, परत येता येते. याशिवाय हजर असलेल्या सर्व मुलांना फलंदाजीच्या क्रमात घेण्याचा पर्याय स्थानिक लीगला असतो. प्रशिक्षकाला सामना जिंकायचा असतो आणि बाकावरच्या मुलाला खेळायचे असते. या ओढाताणीत नियम मुलाच्या बाजूने उभा राहतो.

एकतर्फी सामने आवरण्याचीही सोय आहे. चार इनिंगनंतर 10 धावांची आघाडी असेल, तर सामना तिथेच संपवता येतो. लहान वयाच्या मायनर विभागात एका संघाने एका इनिंगमध्ये पाच धावा केल्या की तीन बाद झालेले नसले तरी त्याची पाळी संपते. त्यामुळे चेंडू नीट टाकू न शकणाऱ्या पिचरवर आणि त्याच्या मागे ताटकळणाऱ्या क्षेत्ररक्षकांवर अर्धा तास एकाच पाळीत अडकून पडण्याची वेळ येत नाही.

कोणाला खेळू द्यावे

1947 मध्ये विल्यम्सपोर्टला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिचेच पुढे लिटल लीग वर्ल्ड सिरीज झाले. स्पर्धा वाढली तसे खेळण्याच्या हक्काचे वादही पुढे आले.

1955 मध्ये दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टनच्या कॅनन स्ट्रीट वायएमसीएचा कृष्णवर्णीय मुलांचा संघ राज्य स्पर्धेत दाखल झाला. लिटल लीगच्या नियमांत वर्णभेदाला जागा नव्हती, पण गोऱ्या मुलांच्या संघांनी या मुलांशी खेळण्याऐवजी माघार घेतली. कॅनन स्ट्रीट न खेळताच राज्यविजेता ठरला. पुढच्या फेरीत जायला मात्र मैदानावरचा विजय आवश्यक होता, आणि या नियमावर बोट ठेवून त्यांना पुढे जाऊ दिले गेले नाही. विल्यम्सपोर्टला ही मुले पाहुणे म्हणून गेली आणि तिथे त्यांना फक्त सराव करता आला. प्रेक्षकांनी ‘त्यांना खेळू द्या’ असा घोष केल्याचे त्या संघातील खेळाडूंनी पुढे सांगितले. ज्यांनी खेळायला नकार दिला त्यांच्या नकाराची शिक्षा खेळायला तयार असलेल्यांना झाली. 2002 मध्ये लिटल लीगने या संघाला राज्य विजेतेपदाचा ध्वज दिला, तेव्हा ती मुले साठीच्या उंबरठ्यावर पोहोचली होती.

मुलींच्या बाबतीत अडथळा थेट नियमातच होता. 1950 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंगच्या कॅथरिन जॉन्स्टन हिने केस कापून, ‘टबी’ असे मुलाचे नाव घेऊन संघात जागा मिळवली होती. त्यानंतर मुलींना मज्जाव करणारा नियम आला. 1972 मध्ये न्यू जर्सीतील होबोकेन येथे मारिया पेपे हिने तीन सामन्यांत पिचिंग केले. स्थानिक लीगची सनद काढून घेण्याचा इशारा आल्यावर तिला थांबावे लागले. नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन या संघटनेने तिच्या वतीने दाद मागितली. न्यू जर्सीच्या नागरी हक्क विभागातील सुनावणी अधिकारी सिल्व्हिया प्रेसलर यांनी नोव्हेंबर 1973 मध्ये मुलींच्या बाजूने निर्णय दिला आणि पुढच्या वर्षी न्यायालयाने तो कायम ठेवला. 1964 मध्ये लिटल लीगला अमेरिकी काँग्रेसने सनद दिली होती. त्या सनदेतील केवळ मुलग्यांपुरता असलेला शब्द बदलणारा कायदा 26 डिसेंबर 1974 रोजी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या सहीने झाला. तोवर मारिया पेपे वयोमर्यादेबाहेर गेली होती. 2014 मध्ये फिलाडेल्फियाच्या मोने डेव्हिसने वर्ल्ड सिरीजमध्ये प्रतिपक्षाला एकही धाव न देता सामना जिंकला, असे करणारी ती पहिली मुलगी ठरली.

अपंग मुलांसाठी 1989 मध्ये चॅलेंजर विभाग सुरू झाला. त्यात खेळाडूच्या सोबतीला एक साथीदार असतो आणि नियम खेळाडूच्या क्षमतेनुसार सैल केले जातात.

परदेशी संघांनाही एकदा दार बंद झाले. तैवानने 1971 ते 1974 अशी सलग चार विजेतेपदे मिळवल्यावर 1975 ची वर्ल्ड सिरीज केवळ अमेरिकी संघांपुरती ठेवण्यात आली. टीका झाली आणि पुढच्याच वर्षी हा निर्णय मागे घ्यावा लागला. तेव्हापासून अमेरिकी आणि परदेशी संघांचे गट वेगळे झाले आणि अंतिम सामना दोन गटविजेत्यांत होऊ लागला.

वय आणि वास्तव्य

बारा वर्षांच्या मुलांत चौदा वर्षांचा मुलगा उंची, ताकद आणि वेग या तिन्हींत वेगळा दिसतो. त्यामुळे वयाचा नियम मोडला की बाकी सर्व नियम निरर्थक होतात. 1992 मध्ये फिलिपिन्सच्या झांबोआंगा संघाचे विजेतेपद हद्दीबाहेरच्या खेळाडूंमुळे काढून घेऊन कॅलिफोर्नियातील लाँग बीचला देण्यात आले. 2001 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधील संघाचा पिचर प्रत्यक्षात चौदा वर्षांचा असल्याचे उघड झाले आणि त्या संघाचे सर्व विजय रद्द झाले. दोन्ही प्रकरणांत मुलांचे नाव जगभर झाले, कागद मात्र मोठ्यांनी केले होते. त्यानंतर जन्माच्या दाखल्यांची छाननी अधिक कडक झाली.

वय कोणत्या तारखेला मोजायचे हाही प्रश्न होता. पूर्वी ही तारीख 31 जुलै होती. 2006 मध्ये ती 30 एप्रिल करण्यात आली. त्यामुळे मे ते जुलैमध्ये तेरा वर्षे पूर्ण करणारी मुलेही बारा वर्षांच्या गटात खेळू लागली. 2018 पासून तारीख 31 ऑगस्ट झाली आणि हे वय पुन्हा खाली आले.

साठ फुटांच्या मैदानातून थेट 90 फुटांच्या मैदानात जाणे तेराव्या वर्षी जड जाते. म्हणून 2013 पासून इंटरमीजिएट विभाग सुरू झाला. त्यात पिचिंगचे अंतर 50 फूट आणि बेसमधले अंतर 70 फूट असते.

शरीराची काळजी

सुरक्षेच्या पहिल्या टप्प्यातील मुख्य नाव क्रेटन हेल यांचे आहे. शरीरशास्त्राचे हे अभ्यासक 1955 मध्ये लिटल लीगमध्ये आले. डोक्यासह दोन्ही कान झाकणारे फलंदाजाचे हेल्मेट त्यांनी विकसित केले. मुलींच्या खटल्यात त्यांनीच लीगच्या बाजूने, मुलींची हाडे नाजूक असतात अशी साक्ष दिली होती, आणि ती मान्य झाली नाही.

आजच्या नियमांत कॅचरच्या मास्कखाली गळ्याचे संरक्षक असावे लागते. बारा वर्षांपर्यंतच्या विभागांत पुढच्या बेसकडे जाताना डोके पुढे करून झेप घेता येत नाही, मागे परतताना मात्र तशी झेप चालते. पुढचा फलंदाज मैदानात उभा राहून बॅट फिरवत थांबत नाही, कारण अशा वेळी जवळच्या मुलाला बॅट लागू शकते. 2008 पासून धक्का लागताच सुटणारे बेस सक्तीचे झाले. त्यामुळे घसरत आलेल्या पायाला स्थिर बेसचा दणका बसत नाही.

बॅटच्या बाबतीत फेरा पूर्ण झाला. 1971 मध्ये ॲल्युमिनियमची बॅट आली. ती हलकी आणि टिकाऊ होती, पण तिच्यावरून सुटणाऱ्या चेंडूचा वेग वाढला आणि 46 फुटांवर उभ्या पिचरला सावरायला वेळ उरला नाही. संमिश्र धाग्यांच्या बॅटींनी तो वेग आणखी वाढवला, म्हणून 2010 च्या अखेरीस त्यांवर निर्बंध आले. 1 जानेवारी 2018 पासून यूएसए बेसबॉलचे नवे मानक लागू झाले. बॅट कशाचीही असली तरी तिने चेंडूला लाकडी बॅटएवढाच वेग द्यावा, हे त्याचे सूत्र आहे.

सर्वांत दूरगामी बदल पिचरच्या हाताविषयी झाला. पूर्वी मर्यादा इनिंगवर होती. पण एका इनिंगमध्ये नऊ चेंडू पडू शकतात, तसे चाळीसही. हाताला ताण चेंडूंचा होतो. अलाबामातील बर्मिंगहॅमच्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटमध्ये जेम्स अँड्र्यूज आणि ग्लेन फ्लायसिग यांच्या गटाने शस्त्रक्रिया झालेल्या किशोर पिचरांची निरोगी पिचरांशी तुलना केली. 2006 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हात थकलेला असताना वारंवार पिचिंग करणाऱ्यांत शस्त्रक्रियेचा धोका 36 पट आढळला. वर्षात आठ महिन्यांहून अधिक पिचिंग करणाऱ्यांत तो पाचपट आणि एका सामन्यात 80 हून अधिक चेंडू टाकणाऱ्यांत चौपट होता.

लिटल लीगने 2007 पासून चेंडूंची मोजणी लागू केली. आज एका दिवसाची मर्यादा सात-आठ वर्षांसाठी 50, नऊ-दहासाठी 75, अकरा-बारासाठी 85, तेरा ते सोळासाठी 95 आणि सतरा-अठरासाठी 105 आहे. फलंदाज समोर असतानाच मर्यादा गाठली, तर त्याची पाळी संपेपर्यंत पिचिंग करता येते. चौदा वर्षांपर्यंतच्या पिचरला 20 चेंडूंपर्यंत विश्रांतीची सक्ती नाही. 21 ते 35 चेंडूंसाठी एक दिवस, 36 ते 50 साठी दोन, 51 ते 65 साठी तीन आणि 66 पासून पुढे चार दिवस पिचिंग बंद ठेवावे लागते. कॅचरच्या हातालाही असाच ताण असल्याने 41 किंवा अधिक चेंडू टाकलेला पिचर त्या दिवशी कॅचर होऊ शकत नाही, आणि चार इनिंगमध्ये कॅचर राहिलेला खेळाडू त्या दिवशी पिचिंग करू शकत नाही. चेंडूच्या प्रकारावर, वक्र चेंडूवरही, बंदी घातलेली नाही, संख्येवर मात्र आहे. 2014 मध्ये मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी ‘पिच स्मार्ट’ ही मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मोजणीचा विचार इतर लीगपर्यंतही पोहोचला.

ही मोजणी एका लीगपुरती असते. तोच मुलगा आठवड्याच्या अखेरीस दुसऱ्या फिरत्या संघासाठी खेळला, तर दोन्ही ठिकाणच्या चेंडूंची बेरीज कोणत्याही एका नोंदवहीत होत नाही. ती बेरीज करण्याची जबाबदारी आज पालकांवर आणि प्रशिक्षकांवर आहे.