ओसाड गावांच्या वाटेवर

जैसलमेरपासून शंभर किलोमीटरच्या फेरीत तीन सोडून दिलेल्या वस्त्या पाहता येतात. तिथली माणसे का गेली, या प्रश्नाचे प्रत्येक ठिकाणी वेगळे उत्तर मिळते.

जैसलमेरला जाणाऱ्या बहुतेक कुटुंबांचा कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी सोनेरी किल्ला, दुपारी पटव्यांची हवेली, संध्याकाळी समच्या वाळूच्या टेकड्यांवर उंटाची सवारी आणि रात्री लोकसंगीत. दुसऱ्या दिवशी सामान बांधून पुढचे शहर गाठायचे. हाताशी आणखी एक दिवस असेल तर मात्र मोठा रस्ता सोडून आडवाटेला वळायला हरकत नाही. मुलांना एरवी इतिहास म्हणजे सनावळ्या वाटतात. रिकाम्या घराच्या उंबरठ्यावर उभे राहिले की तीच मुले न सांगता प्रश्न विचारू लागतात.

या सफरीला फार खटपट लागत नाही. सकाळी आठच्या सुमारास निघाले तर लोद्रवा, कुलधरा आणि खाभा पाहून दुपारनंतर परतता येते. स्वतःची मोटार नसेल तर शहरात दिवसभरासाठी टॅक्सी मिळते.

राजाने सोडलेली राजधानी

पहिला मुक्काम लोद्रव्याचा. जैसलमेरच्या वायव्येला सुमारे १६ किलोमीटरवर हे ठिकाण आहे. जैसलमेर वसण्यापूर्वी भाटी राजपुतांची राजधानी येथे होती. परंपरेनुसार रावळ जैसल याने इ. स. ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर नवा किल्ला बांधायला घेतला आणि राजधानी तिकडे हलवली. सपाट, उघड्या मैदानावरील लोद्रव्यावर हल्ला करणे शत्रूला सोपे होते. टेकडीवरून मात्र दूरवरची धूळही दिसत असे.

राजा गेला, दरबार गेला, पाठोपाठ व्यापारीही गेले. आज त्या राजधानीच्या फारशा खुणा उरलेल्या नाहीत. उरले आहे ते पार्श्वनाथाचे जैन मंदिर. सतराव्या शतकात त्याचा जीर्णोद्धार झाला. त्याचे नक्षीदार तोरण आणि दगडी जाळ्या आवर्जून पाहण्यासारख्या आहेत. राजधानी ओस पडली तरी मंदिराकडे येणाऱ्या भाविकांची वाट कधी मोडली नाही, म्हणून ही वास्तू टिकली.

कुलधरा : रस्ते आहेत, माणसे नाहीत

लोद्रव्याहून मागे येऊन समच्या रस्त्याला लागावे. थोडे पुढे गेल्यावर डावीकडे कुलधऱ्याचा फाटा लागतो. जैसलमेरहून सरळ आले तर हे अंतर १७-१८ किलोमीटर भरते. दोन्ही बाजूंना खुरटी झुडपे आणि खडकाळ माळ असतो, मध्येच शेळ्यांचा कळप आडवा येतो. मग अचानक पिवळसर दगडांच्या भिंतींच्या रांगा दिसू लागतात.

पहिल्या दृष्टिक्षेपात हे गाव म्हणजे दगडांचे ढिगारे वाटतात. पण एखाद्या डागडुजी केलेल्या घराच्या गच्चीवरून पाहिले की सगळी रचना ध्यानात येते. उत्तर-दक्षिण जाणारे तीन मुख्य रस्ते, त्यांना काटकोनात छेदणाऱ्या अरुंद गल्ल्या आणि मध्यभागी देऊळ. घरांचे ४१० च्या आसपास अवशेष येथे मोजले गेले आहेत. पूर्वेला काकणी नदीचे कोरडे पात्र आहे. घरांना अंगण, ओसरी, आतल्या खोल्या. कुठे चुलीची जागा ओळखू येते, तर कुठे भिंतीतला कोनाडा. मुलांना घेऊन एखाद्या घरात उभे राहावे आणि स्वयंपाक कुठे होत असेल, पाणी कुठून आणत असतील, गुरे कुठे बांधत असतील, याचा शोध त्यांनाच घेऊ द्यावा.

हे गाव पालीवाल ब्राह्मणांचे. मारवाडातील पाली गावावरून त्यांना हे नाव पडले. येथील स्मशानभूमीत ‘देवळी’ म्हणजे स्मृतिशिळा आहेत. आपल्याकडच्या वीरगळांशी त्यांचे नाते सांगता येईल. त्यांपैकी दोन शिळांवर इ. स. १२३५ आणि १२३८ या वर्षांतील मृत्यूंची नोंद आहे. म्हणजे तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे वस्ती होती, हे नक्की.

एका रात्रीची गोष्ट

कुलधऱ्यात पाऊल ठेवले की गाईड एक गोष्ट सांगतोच. जैसलमेरचा दिवाण सालिमसिंह याची नजर गावच्या मुखियाच्या मुलीवर पडली. मुलगी दिली नाही तर गावाचे काही खरे नाही, अशी त्याने धमकी दिली. तेव्हा पालीवालांच्या चौऱ्याऐंशी गावांनी पंचायत बसवली आणि इज्जत गमावण्यापेक्षा घरदार सोडण्याचा निर्णय घेतला. एका रात्रीत सगळी गावे रिकामी झाली. जाताना त्यांनी शाप दिला, की येथे पुन्हा कोणी वसणार नाही.

गोष्ट मनाला भिडणारी आहे. मुलीच्या अब्रूसाठी अख्ख्या समाजाने उभे राहावे, हे ऐकून कोणाचाही ऊर भरून येईल. सालिमसिंह ही व्यक्तीही काल्पनिक नव्हे. त्याची हवेली जैसलमेर शहरात आजही उभी आहे. वरच्या मजल्याला मोरांच्या आकाराचे टेकू असलेली ही हवेली पर्यटक कौतुकाने पाहतात. कर्नल टॉड या इंग्रज अधिकाऱ्याने राजस्थानच्या इतिहासात या दिवाणाच्या जुलमाविषयी आणि त्याने पालीवालांकडून केलेल्या वसुलीविषयी लिहून ठेवले आहे.

पण एका रात्रीत गाव रिकामे झाले, हा भाग मात्र नोंदींशी जुळत नाही. सतराव्या-अठराव्या शतकात कुलधऱ्याची लोकसंख्या दीड हजारांच्या वर असावी, असा अंदाज आहे. टॉडच्या आकड्यांनुसार १८१५ च्या सुमारास येथे २०० घरांत ८०० माणसे होती. आणि १८९० मध्ये, म्हणजे ‘त्या’ रात्रीनंतर कितीतरी वर्षांनी, गावात ३७ माणसे राहत होती. गाव एका रात्रीत उठले नाही. ते दोन-तीन पिढ्यांत थोडे थोडे रिकामे होत गेले.

विहिरी आटत गेल्या

याचे कारण शोधायचे तर गावातली बारव पाहावी. १८१५ पर्यंत गावातील बहुतेक विहिरी कोरड्या पडल्या होत्या. १८५० च्या सुमारास ही बारव आणि आणखी दोन खोल विहिरी एवढ्यांनाच पाणी उरले होते. अलीगढ मुस्लिम विद्यापीठातील इतिहासकार सय्यद अली नदीम रेझावी यांनी १९९० च्या दशकात या गावाचा बारकाईने अभ्यास केला. पाणी कमी झाले, पीक कमी झाले, पण दरबाराची वसुली कमी झाली नाही. या दोन दगडांमध्ये गाव भरडले गेले, असे त्यावरून दिसते. भूवैज्ञानिकांच्या एका गटाने २०१७ मध्ये भूकंपाची शक्यताही मांडली. कोसळलेली छपरे आणि भिंती त्यांना तशा वाटल्या.

याच काळात वाळवंटातून जाणारा उंटांच्या तांड्यांचा व्यापारही मंदावला. माल मुंबईसारख्या बंदरांतून समुद्रमार्गे जाऊ लागला आणि जैसलमेरचे महत्त्व ओसरले. शेतीला जोड म्हणून सावकारी आणि व्यापार करणाऱ्या पालीवालांना त्याची झळ पोहोचणारच.

हे मुलांना सांगताना दंतकथा खोटी पाडण्याची घाई करू नये. गोष्ट आधी पूर्ण ऐकू द्यावी. मग १८९० मधल्या ३७ माणसांविषयी सांगावे आणि त्यांनाच विचार करायला लावावे. सर्वांत शेवटी राहिलेल्या त्या घरांचे काय झाले असेल? शेजारची दारे एकेक करून बंद होताना त्यांना काय वाटले असेल? भुताच्या गोष्टींपेक्षा हे प्रश्न मुलांच्या जास्त लक्षात राहतात.

रिकाम्या गावाची जिवंत शेती

पालीवाल गेले तरी त्यांची एक विद्या मागे राहिली. तिचे नाव ‘खडीन’. या भागात वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. एवढ्या पावसावर गहू पिकवायचा म्हणजे अशक्यच वाटेल. पालीवालांनी खडकाळ उताराचा उपयोग करून घेतला. उताराच्या पायथ्याशी सखल जागी मातीचा लांब बांध घालायचा. माळावर पडलेला पाऊस खडकात न मुरता वाहत येऊन बांधाआड साठतो आणि सोबत गाळही आणतो. पावसाळा सरला की पाणी हळूहळू जिरते. मग त्या ओलाव्यावर गहू आणि हरभरा पेरायचा. त्याला पुन्हा वेगळे पाणी द्यावे लागत नाही.

जैसलमेर जिल्ह्यात आजही अनेक ठिकाणी खडिनात पिके घेतली जातात. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर भुऱ्या माळाच्या मधोमध हिरव्यागार शेताचा पट्टा दिसण्याची शक्यता असते. चालकाला सांगून तेथे पाच मिनिटे गाडी थांबवावी. कोकणातल्या खाचरांचे किंवा पठारावरच्या ताली-बांधांचे तत्त्व ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा प्रकार चटकन समजेल. मग असाही प्रश्न पडतो, की पाणी अडवण्यात एवढे तरबेज लोकही अखेर पाण्यापायीच का हरले? पावसाचे पाणी ते शेतात अडवत होते, पण पिण्याची भिस्त विहिरींवर होती. आणि शेताने दिलेले धान्य करात निघून गेले, तर नुसत्या बांधाने पोट भरत नाही.

खाभा : किल्ल्याच्या सावलीतले गाव

कुलधऱ्याहून पुढे पंधरा किलोमीटरच्या आत खाभा येते. रस्ता निर्जन आहे. पालीवालांच्या या गावाशेजारी लहानसा किल्ला आहे. तटावर उभे राहिले की खाली छपरे हरवलेल्या घरांचा पट दिसतो. येथे कुलधऱ्याइतकी गर्दी नसते. सकाळच्या वेळी मोरांचे थवे फिरताना दिसतात, म्हणून पक्ष्यांची आवड असलेल्यांनी क्रम उलटा करून आधी खाभा गाठावे.

जाण्यापूर्वी

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा लहान मुले आणि वृद्धांना घेऊन ही सफर टाळावी. माणशी निदान दोन लिटर पाणी, टोप्या आणि थोडा फराळ बरोबर ठेवावा. पेट्रोलची टाकी शहरातच भरून घ्यावी. रस्त्यावर वाळू येते, गुरे आणि उंट अचानक आडवे येतात, म्हणून वेग बेताचा ठेवावा. डांबरी रस्ता सोडून गाडी वाळूत घालू नये. मोबाइलला सगळीकडे रेंज मिळेलच असे नाही, तेव्हा कुठे जाणार आणि कधी परतणार, हे हॉटेलमध्ये सांगून निघावे.

पडक्या जागी मुलांचा हात सोडू नये. सुट्या दगडांच्या भिंतींवर चढणे, अर्धवट छपराखाली थांबणे, उघड्या विहिरीच्या काठावर वाकून पाहणे हे सगळे धोक्याचे आहे. दगडांखाली विंचू-साप असू शकतात. त्यामुळे चपलांऐवजी बूट घालावेत आणि कोनाड्यांत हात घालू नयेत. संध्याकाळी फाटक बंद होण्यापूर्वी बाहेर पडावे.

भिंतीवर नाव कोरणे किंवा आठवण म्हणून दगड उचलून आणणे तर कटाक्षाने टाळावे. कुलधरा हे संरक्षित ठिकाण आहे, हे एक कारण झालेच. दुसरे कारण असे, की या घरांना वारस आहेत. पालीवाल समाजाची कुटुंबे आज राजस्थानात, मध्य प्रदेशात आणि इतरत्रही नांदत आहेत. त्यांच्या दृष्टीने हे भुताचे गाव नसून पूर्वजांचे घर आहे. कोणाच्या जुन्या वाड्यात आपण पाहुणे म्हणून गेलो तर जसे वागू, तसेच येथे वागावे आणि मुलांनाही गाडीतून उतरण्यापूर्वीच ते समजावून सांगावे.