कन्हानला बेघर आहेत कुठे?

‘बेघर ते नागपूर-मुंबईचे. कन्हानला ज्याचं-त्याचं घर आहे,’ असं पानठेल्यावर सहज म्हटलं जातं. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७० हजार बेघर नोंदले गेले. त्यातले आठ लाखांहून अधिक ग्रामीण भागातले होते. महाराष्ट्राचा आकडा दोन लाखांवर होता.

मग छोट्या गावांतले बेघर दिसत का नाहीत? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१०च्या आदेशांतून लाख लोकसंख्येमागे एक निवारा हे प्रमाण आलं. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानानेही तेच धरलं. २०१६ मध्ये अभियान लहान शहरांनाही खुलं झालं, पण मोजमाप लाखाचंच राहिलं. कन्हान-पिपरी नगरपरिषद त्या आकड्याच्या आसपासही नाही. निवारा नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून बेघर नाहीत! रेल्वे स्थानक, महामार्ग, कोळसा खाणी असलेल्या गावात कामाच्या शोधात आलेला माणूस रात्री कुठे पाठ टेकतो, हे विचारायचं कुणी?

झोपडीत राहणारा म्हणजे बेघर, हाही घोटाळाच. जनगणनेच्या लेखी बेघर म्हणजे रस्त्याकडेला, पुलाखाली, फलाटावर, देवळाच्या ओट्यावर उघड्यात राहणारा. ‘घरकुल मिळेल की त्याला,’ असं म्हणणाऱ्यांनी नियम वाचावेत. प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतः घर बांधण्यासाठी अनुदान हवं, तर जागा आधी स्वतःची लागते. ओट्यावर झोपणाऱ्याकडे सातबारा कुठला?

पत्ता नाही म्हणून मत नाही, हे तर साफ चूक. मतदार नोंदणीच्या नमुना ६ मध्ये झोपण्याची जागा लिहिता येते. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री येऊन खातरजमा करतो.

सगळ्यात जुना समज म्हणजे बेघर तो भिकारी. आपल्या राज्यात तो कायद्यातच बसलाय. १९५९च्या भीक प्रतिबंधक कायद्यानुसार उपजीविकेचं दिसेलसं साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी भटकणं हीसुद्धा भीकच. दिवसभर हमाली करून फलाटावर झोपलेल्याने साधन ‘दाखवायचं’ कसं? दिल्लीपुरती या कायद्यातली अनेक कलमं तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केली. महाराष्ट्राने तशी दुरुस्ती स्वतःहून करावी. सोबत लाखाची अट सोडून लहान नगरपरिषदांसाठी तालुकास्तरावर एकत्रित, बारमाही निवारा द्यावा.

नव्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. गेल्या वेळी बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली होती. कन्हानकरांनो, या वेळी मोजणीआधीच आपल्या गावातल्या अशा जागांची यादी नगरपरिषदेला लेखी द्या आणि पोच घ्या.