एकाचे दोन दिसू लागले तर

भंडारदऱ्याच्या घाटात समोरून एकच एस. टी. येत असता ज्याला दोन दिसतात, त्याला वाट चालणे कठीण होते. पायरी कोठे आहे, भातखाचराचा बांध कोठे संपतो, याचा अंदाज लागत नाही. प्रत्येक डोळ्याची नजर वेगळी तपासली तर ती पुष्कळदा उत्तम असते. म्हणून घरची मंडळी 'चष्म्याचा नंबर वाढला असेल' असे समजून दिवस घालवितात.

आपला प्रत्येक डोळा सहा स्नायूंच्या साहाय्याने फिरतो व त्या स्नायूंना मेंदूकडून तीन मज्जातंतूंद्वारे आज्ञा मिळते. मधुमेह, उच्च रक्तदाब, डोक्यास मार, पक्षाघात, थायरॉईडचा विकार किंवा मायस्थेनिया यांमुळे तंतू वा स्नायू दुर्बळ झाला की दोन्ही डोळे एका बिंदूवर स्थिरावत नाहीत. बालपणापासून तिरळे पाहणाऱ्याचा मेंदू एक प्रतिमा दुर्लक्षिण्यास शिकतो. प्रौढ मेंदूस ते सहसा साधत नाही. घरच्या घरी एक परीक्षा करता येते. कोणताही एक डोळा झाकल्यावर दुहेरी दिसणे थांबले, तर दोष दोन डोळ्यांच्या समन्वयात आहे. एका डोळ्यानेही दोन दिसत असतील, तर मोतीबिंदूसारखे कारण शोधावे लागते.

दृष्टिप्रशिक्षणाविषयी मात्र अवास्तव आशा बाळगू नये. व्यायामाने दुखावलेला तंतू बरा होत नाही. मधुमेहाने आलेला असा लकवा पुष्कळदा सुमारे तीन महिन्यांत आपोआप ओसरतो आणि श्रेय झाडपाल्यास मिळते! जवळचे पाहताना डोळे पुरेसे आत न वळणे, या दोषावर मात्र प्रशिक्षण खरोखर गुणकारी ठरते. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या २२१ मुलांच्या अभ्यासात, तज्ज्ञांच्या देखरेखीखालील बारा आठवड्यांच्या प्रशिक्षणाने ७३ टक्के मुले सुधारली. घरी केवळ पेन्सिल नाकाजवळ आणण्याचा व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ४३ टक्के होते, तर नुसत्या नावापुरत्या उपचारानेही ३५ टक्के सुधारले. तेव्हा पेन्सिलचा महिमा किती, हे वाचकांनीच ठरवावे. शिवाय हा अभ्यास मुलांचा होता. लकवा झालेल्या प्रौढांस तो जसाच्या तसा लावता येत नाही.

लकव्याच्या रुग्णास प्रशिक्षण म्हणजे मुख्यतः निभावण्याची कला: मान कोणत्या बाजूस वळवावी, पट्टी कोणत्या डोळ्यावर व किती वेळ ठेवावी, प्रिझमच्या चष्म्याने कसे चालावे. थोडासा तिरळेपणा उरला असल्यास दोन प्रतिमा जुळविण्याचे व्यायामही देतात. शस्त्रक्रियेचा विचार बहुधा सहा महिने थांबून, मोजमाप स्थिर झाल्यावरच होतो. दुहेरी दिसत असेतो वाहन चालवू नये.

ज्या प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण उभे आहे, तिच्याच खोऱ्यात खाली लोणी येथे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. दर आठवड्यास तेथवर जाणे डोंगरातील शेतकऱ्यास परवडणारे नाही, हे खरे. परंतु पहिली तपासणी नेत्रतज्ज्ञाकडूनच व्हावी आणि घरचे व्यायाम त्यानंतर ठरावेत.

काही लक्षणे मात्र एक दिवसही थांबू देत नाहीत. अकस्मात दुहेरी दिसण्यासोबत तीव्र डोकेदुखी, पडलेली पापणी, मोठी झालेली बाहुली, अडखळणारी वाणी किंवा हातापायांतील अशक्तपणा असेल, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. पावसाळ्यात जमिनीवर निजलेल्या माणसाच्या पापण्या पहाटे जड होऊन त्यास दोन दिसू लागले, तर मण्यार चावल्याची शंका घ्यावी. तिच्या दंशाची खूण पुष्कळदा दिसतही नाही. अशा वेळी मांत्रिकाकडे न जाता, सर्पविषावरील लस असलेल्या रुग्णालयाकडे थेट निघावे.