देठातला निळा रंग

भोपाळच्या मे महिन्यात मेणाचे ब्लॉक मऊ पडायचे. मायक्रोटोमवर चढवण्याआधी ब्लॉक बर्फावर ठेवायचा, तेव्हा कुठे चार मायक्रॉनचा काप नीट सुटायचा. रंगांशी माझी ओळख तीस वर्षांपूर्वी त्या बर्फापाशीच झाली.

आतड्याच्या पॉलिपचं निदान तेव्हाही हेमॅटॉक्सिलिन-इओसिनवर व्हायचं, आजही बहुतेक वेळा त्यावरच होतं. लहान मुलाला शौचावाटे रक्त जातं, गुदाशयातून गोल, गुळगुळीत पॉलिप निघतो, आत श्लेष्म्याने फुगलेल्या ग्रंथी दिसतात. हा जुवेनाइल पॉलिप. त्याला आणखी रंग लावणं म्हणजे आईबापांच्या खिशाला उगाच चाट. प्यूट्झ-जेगर्सची शंका आली, तर मात्र मॅसनचा ट्रायक्रोम कामी येतो. झाडासारखे फाटे फुटलेला स्नायू लालभडक उठून दिसतो.

सगळ्यात जास्त झोप उडवली ती देठाने. देठ असलेला अ‍ॅडिनोमा पिळवटतो, आत रक्त साचतं आणि ग्रंथी देठात ढकलल्या जातात. कर्करोग खोल शिरलाय, असंच वाटतं. तसा रिपोर्ट गेला, तर माणसाच्या आतड्याचा तुकडा विनाकारण कापला जाऊ शकतो. असा एक पॉलिप मी दोन दिवस पुन्हा पुन्हा पाहत होतो. शेवटी पर्ल्सचा स्टेन केला. १८६७ पासूनची पद्धत, खर्च फार नाही. ग्रंथींच्या शेजारी गडद निळे ठिपके उमटले. जुन्या रक्तस्रावातलं लोह होतं ते. नुसत्या लोहावर निकाल देता येत नाही. पण ग्रंथींभोवती लॅमिना प्रोप्रियाचं वेष्टण शाबूत होतं, पेशीही वरच्या अ‍ॅडिनोमासारख्याच होत्या. तिन्ही गोष्टी जुळल्यावर मी 'कर्करोग नाही' असं लिहिलं. पॉलिप पूर्ण निघाला होता. शस्त्रक्रिया टळली.

इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री लागली, तर त्या काळी आम्ही ब्लॉक मुंबईला पाठवायचो. नातेवाईक पंजाब मेलने डबी घेऊन निघायचे. सोबत माझी चिठ्ठी असायची, तिच्यात एकच नेमका प्रश्न. २०१२ मध्ये भोपाळात एम्स सुरू झालं. पुढे कितीतरी तपासण्या शहरातच होऊ लागल्या. चिठ्ठी गेली आणि फॉर्मवर एका खुणेत चार-पाच स्टेन मागायची सवय आली. निवासी डॉक्टर असा फॉर्म घेऊन आले की मी तो परत करतो आणि सांगतो, आधी स्लाइड बघा, मग तिने काय विचारलंय ते इथे लिहा.