ज्ञानोबा की ग्यानबा?

मुखेडच्या आसपास एखाद्या गावात सप्ताह बसला की एकाच दिवसात एका अक्षराचे दोन उच्चार कानावर पडतात. पारायणाला बसलेले ‘द्न्यानेश्वरी’ म्हणतात. दिंडी निघाली की टाळांच्या ठेक्यावर ‘ग्यानबा-तुकाराम’ सुरू होतं. ‘ग्य’ ऐकला की शिकलेल्यांना लगेच हिंदीचा वास येतो. पण वारकऱ्याच्या तोंडचा ग्यानबा काही टीव्हीवरून आलेला नाही.

ज्ञ म्हणजे ज् आणि ञ. हा ञ मराठी बोलण्यात सुटा कधीच येत नाही, म्हणून जिभेने त्याचा ‘न्य’ केला. ज् म्हणताना जीभ टाळूला टेकून हवा क्षणभर अडवते. ती अडवणूक तेवढी ‘द्’ होऊन उरली. झाला द्न्य! हिंदीने ग्य केला, गुजरातीने ग्न. देगलूर ओलांडून तेलंगणात गेलं, की ‘विज्ञान’ रोमन लिपीत ‘विग्नान’ असं लिहिलेलं दिसतं. उर्दूत तर हे अक्षरच नाही. तिथे गाफला ये जोडून ‘ग्यान’ लिहितात. १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेल्या या मुलखाला तेही नवं नाही.

संस्कृतात सुटा ‘ज्ञ’ हा अख्खा शब्द आहे. अर्थ जाणणारा; ज्योतिषाच्या ग्रंथांत मात्र बुध ग्रह. महानुभाव पंथ चक्रधरस्वामींना सर्वज्ञ म्हणतो. ‘तत्’पुढे ज्ञ आला की तज्ज्ञ होतो, त्यात ज दोनदा. ‘तज्ञ’ लिहिणारे तज्ज्ञ मात्र गल्लोगल्ली आहेत.

खरी मोडतोड प्राकृताने केली. तिथे ज्ञचा थेट ण नाहीतर न झाला, आणि तो वारसा आपल्या घरात रोज बोलला जातो. राज्ञीची राणी झाली, यज्ञोपवीताचं जानवं, विज्ञप्तीची विनंती. आपण घालतो ती आणही मुळात आज्ञाच. राणी आणि विनंती बिनदिक्कत बोलायचं आणि ग्यानबाला अशुद्ध ठरवायचं, हे काही पटत नाही. ग्यमध्ये निदान जोडाक्षर तरी शिल्लक आहे.

संगणकाच्या युनिकोडात ज्ञला स्वतंत्र क्रमांक नाही. ज, हलन्त, ञ असे तीन संकेत ओळीने साठवले जातात. मधला हलन्त निसटला की पडद्यावर ‘जञान’ उमटतं.